पाणी दोन मिनिटांनी अडखळतं

गेममधलं तळं. वाऱ्याने हलणाऱ्या लाटा, वर चमकणारं ऊन. संगणकावर हे तळं तासभर पाहत बसलं तरी काही बिघडत नाही. तोच गेम एका जुन्या फोनवर टाकला की पहिलं अर्धं मिनिट सगळं छान चालतं. दोन मिनिटांनंतर लाटा झटके देत सरकू लागतात. सतरा-अठरा मिनिटांनी तर पाणी सेकंदातून एकदाच उडी मारतं आणि मधल्या वेळात गोठून बसतं.

संशय आधी जातो फोन तापण्यावर. तो रास्तही आहे, कारण फार तापलं की ग्राफिक्स चिप जीव वाचवायला स्वतःचा वेग उतरवते. पण तेव्हा सगळा पडदाच रखडतो. इथे खेळाडू सुरळीत पळतोय, पक्षी सरळ उडतायत, अडखळतंय ते फक्त पाणी. शिवाय गेम बंद करून लगेच उघडला की फोन तसाच गरम असूनही पाणी पुन्हा ठणठणीत! म्हणजे उष्णता निर्दोष सुटली.

हे पाणी रंगवतो तो शेडर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलसाठी स्वतंत्रपणे चालणारा छोटासा प्रोग्राम. 1920 × 1080 च्या पडद्यावर 20,73,600 पिक्सेल असतात. पडदा भरून पाणी असेल आणि सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील, तर हा प्रोग्राम सेकंदाला बारा कोटींहून जास्त वेळा चालतो. एवढ्या गर्दीत चूक शोधायची पंचाईत अशी, की शेडरला बोलता येत नाही. साध्या प्रोग्राममध्ये मधेच एखादा आकडा छापून बघता येतो. शेडरच्या हातात फक्त रंग असतो. त्यामुळे त्याला जे विचारायचं ते रंगातच विचारावं लागतं.

विचारायचं कशाबद्दल? घड्याळाबद्दल. लाटा हलाव्यात म्हणून शेडरला दर फ्रेमला ‘सुरू होऊन किती सेकंद झाले’ हा आकडा दिला जातो. आता एक तात्पुरता बदल करायचा: पाण्याचा रंग काढून टाकायचा आणि त्या आकड्याचा दशांश चिन्हापुढचा भाग लाल रंग म्हणून दाखवायचा. घड्याळ नीट असेल तर तळं दर सेकंदाला काळ्यापासून लालभडकापर्यंत अलगद उजळेल. आपल्या फोनवर दोन मिनिटांनंतर ते फक्त आठ पायऱ्यांत उजळतं. चोर सापडला.

मोबाइलसाठीच्या शेडरमध्ये आकडा किती बारकाईने साठवायचा हे सांगता येतं. ‘हायपी’ म्हटलं की साधारणपणे 32 बिट, ‘मीडियमपी’ म्हटलं की बऱ्याच चिपांवर 16 बिट. सोळापैकी एक बिट चिन्हाला जातो, पाच आकडा किती मोठा आहे हे सांगायला, आणि बारकाव्यासाठी उरतात जेमतेम दहा. आकडा लहान असेल तर हे दहा बिट पुरतात. तो वाढत गेला की शेजारच्या दोन आकड्यांमधलं अंतरही वाढत जातं. 128 ते 256 च्या दरम्यान ते 1/8 असतं, म्हणून पाणी सेकंदाला आठदाच हलतं. 256 च्या पुढे चारदा, 512 च्या पुढे दोनदा. 1024 नंतर अपूर्णांक उरतच नाही. घड्याळाला फक्त पूर्ण सेकंद कळतात. ही फूटपट्टी लांबचं मोजायला लागली की तिच्यावरच्या रेघा विरळ होतात, असं समजा.

उपाय? सगळीकडे ‘हायपी’ लिहून मोकळं होता येतं, पण कमकुवत चिपवर त्याची किंमत वेगात मोजावी लागते, आणि 2007 च्या ओपनजीएल ईएस 2.0 या मोबाइल ग्राफिक्सच्या नियमावलीत तर पिक्सेलच्या शेडरला ‘हायपी’ची सक्तीच नव्हती. मला दुसरा मार्ग पटतो: घड्याळ मुख्य प्रोसेसरकडेच ठेवायचं. प्रत्येक लाटेचा कोन, म्हणजे ती चढउताराच्या फेरीत कुठवर आलीय ते, तिथेच काढायचा, एक फेरी पूर्ण झाली, म्हणजे 6.283 (रेडियनमध्ये पूर्ण वर्तुळ) झाले, की शून्यापासून मोजायचं आणि तो छोटा आकडा शेडरला द्यायचा. सगळ्या लाटांना मिळून एकच घड्याळ देऊन तेच मधे शून्यावर आणलं, तर वेगवेगळ्या वेगाच्या लाटा त्या क्षणी उडी मारतात. म्हणून प्रत्येकीचा कोन वेगळा.

हाच आजार दुसऱ्या वेशातही भेटतो. गेममधल्या दिव्यापासून 256 एककांच्या पलीकडे सगळं एकदम काळं पडतं, मधे धूसर कडाही नसते. प्रकाशाची दिशा काढताना अंतराचा वर्ग करावा लागतो, 256 चा वर्ग 65,536, आणि 16 बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा 65,504. वर्ग झाला अनंत, त्याने भागल्यावर दिशा शून्य, प्रकाश गुल. किंवा पडद्यावर दाणेदार मुंग्या आणणारं ते लोकप्रिय सूत्र घ्या: साइन काढा, 43758.5453 ने गुणा, अपूर्णांक तेवढा ठेवा. 16 बिटांत गुणाकार 1024 च्या वर गेला की अपूर्णांक नसतोच, आणि तो बहुतेक वेळा वरच जातो. मुंग्या गायब.

संगणकावर हे का दिसत नाही? कारण तिथल्या बहुतेक चिपा ‘मीडियमपी’ वाचून सोडून देतात आणि 32 बिटच वापरतात. काही नवे फोनही तसंच करतात, म्हणून एका फोनवर पाणी वाहतं आणि दुसऱ्यावर थबकतं.

खरोखरच मंदपणा असेल तर वाट निराळी. चित्राची लांबी-रुंदी निम्मी करून बघायची. पिक्सेल चौथाई होतात. वेग चांगलाच वाढला तर शेडर जड आहे, नाही वाढला तर दोष दुसरीकडे. जडपणात बहुधा धूसर करणारा शेडर सापडतो. आजूबाजूच्या पिक्सेलांचा 9 × 9 चा चौकोन वाचायला प्रत्येक पिक्सेलला 81 वाचनं लागतात. गाउसियन धूसरपणा (मधल्या पिक्सेलला जास्त आणि दूरच्यांना कमी वजन देणारा) आधी आडवा आणि मग उभा असा दोन फेऱ्यांत केला तर 18 पुरतात, आणि चित्र तेच येतं.

तळ्याची चूक चाचणीत निसटते, कारण पाण्याकडे कुणी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त बघत बसत नाही. चाचणीच्या प्रतीत घड्याळ शून्याऐवजी 1000 पासून सुरू करावं. बिघाड असेल तर पहिल्याच लाटेला दिसतो.