नळ्यांवरून ठरलेलं कुल: जमिनीवरच्या कोळ्यांच्या वर्गीकरणाची पार्श्वभूमी

माळावरचा दगड उलटला की खालून काळपट, लांबोळका कोळी सुसाट पळतो. भक्ष्यासाठी जाळं नाही, अंगावर बहुधा नक्षी नाही. दिवसा दगडाखाली रेशमी कोशात पडून राहायचं आणि रात्री शिकारीला निघायचं, हा यातल्या बहुतेकांचा खाक्या. हे नॅफोसिडी कुल, म्हणजे नात्यातल्या प्रजातींचा एक मोठा गट. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर त्याच्या मिळून अडीच हजारांच्या आसपास जाती आहेत. बहुतेक जाती दिसायला सारख्याच, त्यामुळे कुलात कोण आणि कुलाबाहेर कोण, हा घोळ जुना आहे.

1804 मध्ये फ्रान्सच्या लात्रेय यांनी नॅफोसा ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मांडली. पुढच्याच वर्षी वाल्कनेर यांनी ड्रॅसस हे नाव दिलं आणि एकोणिसाव्या शतकात कुलासाठी त्यावरून आलेलं ड्रॅसिडी हेच नाव रुळलं. ते कुल म्हणजे अडगळीची खोली होती. पायाच्या टोकाला दोनच नख्या आणि जाळ्याविना शिकार, एवढं दिसलं की कोळ्याची रवानगी तिकडे. पुढे ड्रॅसस आणि नॅफोसा एकच असल्याचं ठरलं, तेव्हा आधीचं नाव टिकलं.

खोली आवरायला घेतली ती कोळीतज्ज्ञ नॉर्मन प्लॅटनिक यांनी. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीमध्ये बसून त्यांनी 1970च्या दशकापासून मोहम्मद शदाब यांच्यासह एकेक प्रजाती तपासली. रंग, आकार यांवर त्यांची भिस्त नव्हती. 1990 च्या निबंधात त्यांनी पोटाच्या टोकाशी असलेल्या, सूत सोडणाऱ्या नळ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नातीगोती लावली.

या नळ्या खरोखर बघण्यासारख्या आहेत. नॅफोसिडींच्या पुढच्या दोन नळ्या लांब, गोल आणि एकमेकींपासून दूर असतात. इतर कोळ्यांमध्ये इथलं चिकट सूत धागा भिंतीला किंवा फांदीला डकवायच्या कामी येतं. इथे ते बाहेर टाकणारी तोंडं मोठी झाली आहेत आणि तोच चिकट पट्टा भक्ष्याच्या पायांभोवती गुंडाळला जातो. म्हणूनच हे कोळी दुसऱ्या कोळ्यांनाही लोळवतात. किंमतही मोजावी लागते: धागा नीट डकवण्यात ते कच्चे असतात. 2017 मध्ये प्रयोगांतून हे स्पष्ट झालं. माझ्या मते वर्गीकरणाच्या साऱ्या वादापेक्षा हाच भाग जास्त रंजक.

पण नळ्यांवरून लावलेली नातीही कायमची ठरली नाहीत. प्रोडिडोमिडी हे शेजारचं कुल बघा. फ्रेंच कोळीतज्ज्ञ सायमन यांनी ते 1884 मध्ये मांडलं. सत्तरच्या दशकात प्लॅटनिक स्वतःच त्यातल्या कोळ्यांना नॅफोसिडीत धरत होते. 1990 मध्ये त्यांनीच त्यांना वेगळं काढलं. 2018 मध्ये ते पुन्हा आत आले आणि 2022 मध्ये डीएनएच्या पुराव्यासह झालेल्या अभ्यासानंतर परत बाहेर. कोळी तेच, कुंपण मात्र दर खेपेला हललं. आणि कुंपण हललं की कुलाच्या जातींची संख्या बदलते, प्रसाराचा नकाशाही बदलतो.

नकाशाला आणखी एक खोट आहे: जिथे नमुने गोळा करणारा राहिला, तिथे नोंदलेल्या जाती जास्त. भारतात हे काम प्रामुख्याने बी. के. टिकादर यांचं. भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय केंद्रात त्यांनी काम केलं. नॅफोसा पूनाएन्सिस (1973), गजबे यांच्यासह झेलोटिस पूनाएन्सिस (1976) ही नावंच पत्ता सांगतात. 1982 मध्ये ‘फॉना ऑफ इंडिया’ मालिकेत त्यांनी नॅफोसिडींवर सविस्तर लिहिलं आणि भारतात आजही कोळी ओळखायला बसलं की ते उघडावं लागतं.

काही जातींनी तर नकाशाच निरर्थक केला आहे. युरोझेलोटिस रस्टिकस माणसाच्या वस्तीत राहतो आणि मालासोबत जगभर पोचला आहे. त्याउलट अनेक जाती एका ठिकाणच्या एकाच नमुन्यावरून नोंदल्या गेल्या, कधी फक्त नर, कधी फक्त मादी. कोळ्यांची जात ठरते जननेंद्रियांवरून आणि ती नर-मादीत वेगळी. त्यामुळे शेजारशेजारच्या गावांतून नोंदलेल्या दोन जाती प्रत्यक्षात एकाच जातीचे नर आणि मादी निघू शकतात.