गोठ्याची वर्कशॉप करताय? आधी जमीन पाहू या

गुरं गेली, गोठा रिकामा पडला. तिथे सुतारकामाचं बाक टाकावं, छोटी लेथ बसवावी, असं मनात धरून कोकणातले बरेच जण आमच्याकडे येतात. जागा खरोखरच चांगली असते: चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, आणि घरापासून जरा लांब, म्हणजे यंत्राच्या आवाजाचा कुणाला त्रास नाही. बहुतेकांचा पहिला प्रश्न गिलाव्याचा आणि रंगाचा असतो. आम्ही सांगतो, पैसा आधी जमिनीत घाला.

गुरांचं मूत वर्षानुवर्षं जमिनीत मुरलेलं असतं. त्यातून मातीत क्षार साठतात; पूर्वी सोरा (बंदुकीच्या दारूतला क्षार) काढायला गोठ्याची माती वापरत, ती याच कारणाने. हे क्षार दमटपणा ओढतात, ओलीबरोबर वर चढतात आणि पांढरे फुटतात. तोच लोणा. सुरुवातीच्या एका कामात आम्ही जुनी जमीन नुसती धुम्मसाने ठोकून वर कोबा केला. दुसऱ्या पावसाळ्यात कोब्याचे पापुद्रे सुटले, रंध्याची पाती आणि लेथचा बेड गंजला. चूक आमची होती. सगळं उखडून आमच्या खर्चाने पुन्हा केलं. तेव्हापासून खणल्याशिवाय आम्ही काम घेत नाही.

गव्हाण आणि मुताची नाली आधी फोडून काढतो. मग किमान एक फूट माती उपसतो, नालीच्या बाजूला काळी माती संपेपर्यंत आणखी खोल. ती फेकू नका, माडांच्या आळ्यात थोडी थोडी घाला. वाळवीचं औषध याच वेळी मारून घ्यायचं. त्यानंतर दगडाचं सोलिंग, वर बारीक खडी, तिच्यावर 250 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, सांध्यावर फूटभर चढवून आणि भिंतीलगत वर वळवून. शेवटी 4 इंच काँक्रीट, जड यंत्राखाली 6 इंच. दहा दिवस पाणी मारायचं आणि यंत्र 28 दिवसांनंतरच बसवायचं. घाई असली तरी ही मुदत आम्ही कमी करत नाही.

भिंतींना सिमेंटचा गिलावा नको. खालच्या दोन-तीन फुटांत क्षार चढलेले असतात; सिमेंटने ओल कोंडते आणि आणखी वर सरकते. चुन्याचा गिलावा करा, नाहीतर नुसत्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्याच्या फटी, भरून चिरा उघडा ठेवा.

लाकडी मेढी वरून धडधाकट दिसतात, पण बुडाशी कुजलेल्या असतात. जमिनीलगत पेचकस टोचून पाहा. सहज आत गेला, तर तेवढा भाग कापून मेढ दगडी बैठकीवर घ्यावी लागते. जड वस्तू उचलायची चेन-पुली वाशांना किंवा जुन्या तुळईला कधीच टांगू नका, तिच्यासाठी वेगळी लोखंडी चौकट करू. उजेडासाठी छपराच्या उत्तरेकडच्या पाखीवर (उतारावर) काचेची कौलं बसवतो. माळ्यावरचा पेंढा मात्र शेवटच्या काडीपर्यंत उतरवायचा. वेल्डिंगची एक ठिणगी पुरते.

विजेचं अंतर लोक विसरतात. घरापासून 40 मीटरवर 2 एचपीची सिंगल फेज मोटर असेल आणि तांब्याची तार 2.5 चौरस मिलिमीटरची असेल, तर मोटर सुरू होताना सुमारे 30 व्होल्ट वाटेतच जाऊ शकतात. मोटर नुसती गुरगुरते, शेवटी जळते. अशा अंतराला आम्ही 6 चौरस मिलिमीटर तार घालतो, स्वतंत्र अर्थिंग करतो आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला तर वीज तोडणारा स्विच) बसवतो. छंदाचं काम घरच्या मीटरवर चालतं. पैसे घेऊन बाहेरची कामं करणार असाल, तर महावितरणकडून योग्य वर्गातली जोडणी घ्या. नाहीतर विद्युत कायदा 2003 च्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते.

ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, इमारतीची नोंद काय आहे, तेही आधी पाहून घ्या.

खणण्याचं काम दिवाळीनंतर सुरू केलेलं बरं, म्हणजे कामासाठी उतरवलेली कौलं पावसाआधी पुन्हा चढतात. आणि आम्ही पाहणीला येणार म्हणून गोठा धुऊन ठेवू नका. ओल्या भिंतीवर लोणा फुटल्याचे पांढरे डाग दिसत नाहीत, आणि किती खोल खणायचं हे आम्ही त्या डागांवरूनच ठरवतो.