पेस्टलखालचा कागद

तैलरंगातले तेल वाळते आणि रंगाला धरून ठेवते. जलरंग कागदात मुरतो. पेस्टल म्हणजे कोरड्या रंगाची कांडी, तिला यातले काहीच जमत नाही. कांडीत रंगद्रव्य असते, थोडा खडू किंवा पांढरी माती असते आणि ट्रॅगाकँथसारखा डिंक अगदी नावापुरता असतो. डिंक वाढवला तर कांडी कडक होते आणि ज्या मखमली झळाळीसाठी पेस्टल हातात घ्यायचे तीच जाते. म्हणून भुकटीला धरून ठेवण्याचे सगळे काम कागदाच्या अंगावर येते. गेल्या तीनशे वर्षांत कांडीची कृती फारशी बदललेली नाही. बदलत गेला तो कागद, आणि त्याच्याबरोबर चित्रे बदलत गेली. आज चार-पाच प्रकारचे कागद समोर ठेवून एकच कांडी फिरवून पाहणाऱ्याला जे फरक जाणवतात, त्यांतल्या प्रत्येकामागे एखाद्या जुन्या चित्रकाराची अडचण आहे.

सुरुवात व्हेनिसच्या निळ्या कागदापासून करायला हवी. युरोपात तेव्हा कागद चिंध्यांपासून होई. पांढऱ्या तागाच्या चिंध्यांतून लिहिण्याचा उत्तम कागद निघे. कष्टकऱ्यांच्या निळ्या कपड्यांच्या चिंध्या मात्र पांढऱ्या करता येत नसत, कारण क्लोरीनने रंग उडवण्याची युक्ती अठराव्या शतकाच्या अखेरीस आली. त्यांचा जाडाभरडा निळसर कागद व्हायचा आणि तो साखर किंवा कापड गुंडाळायला जायचा. चित्रकारांनी तो तिथून उचलला. व्हेनिसला आलेल्या ड्यूरर या जर्मन चित्रकाराने 1506 साली या निळ्या कागदावर काढलेली रेखाटने आजही पाहायला मिळतात. काळ्या रेषेने सावली, पांढऱ्याने उजेड, आणि मधली छटा कागदाने आयती दिलेली, अशी ती सोय होती.

या कागदाचा दुसरा गुण पेस्टलवाल्यांच्या कामी आला. चिंध्या नीट कुटल्या न गेल्याने त्याच्या पृष्ठभागावर लवीसारखे तंतू उभे राहत. कांडी फिरली की भुकटी त्या तंतूंत अडकून बसे. व्हेनिसच्याच रोझाल्बा कारिएराने (1673–1757) याचा पुरेपूर फायदा घेतला. तिची सुरुवात तपकिरीच्या डब्यांवर आणि हस्तिदंतावर लघुचित्रे रंगवण्यापासून झाली. तिथून ती पेस्टलकडे वळली आणि त्याला तिने स्वतंत्र चित्रमाध्यमाची प्रतिष्ठा मिळवून दिली. 1720 साली ती पॅरिसला गेली, फ्रान्सचा लहानगा राजा पंधरावा लुई याचे व्यक्तिचित्र केले आणि त्याच वर्षी तिथल्या राजेशाही अकादमीने तिला सदस्यत्व दिले. गालावरची कोवळी लाली, केसांवरची पावडर, जाळीदार लेस यांत तिचा हात धरणारे कोणी नव्हते. हे हळवे काम त्या लवदार निळ्या कागदावरच इतके सहज उतरू शकले, असे माझे ठाम मत आहे.

पॅरिसमध्ये मग पेस्टलची लाटच आली. मॉरिस कांतँ द ला तूरने राजाची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिचे जे भव्य व्यक्तिचित्र 1755 च्या सलोंमध्ये, म्हणजे अकादमीच्या प्रदर्शनात, मांडले, ते जवळजवळ पुरुषभर उंच आहे. एवढा मोठा कागद तेव्हा होतच नव्हता. हाताने बनणाऱ्या कागदाचा आकार साचा उचलणाऱ्या कारागिराच्या हातांच्या आवाक्याएवढाच. म्हणून निळ्या कागदाचे अनेक ताव जोडून कॅनव्हासवर चिकटवले गेले. चेहऱ्याचा तुकडा वेगळा आहे, तो स्वतंत्रपणे रंगवून जागेवर बसवलेला. कागद असा कापडावर ताणून चिकटवला की तो हाताखाली किंचित दबतो आणि रंग जास्त घेतो, हाही लाभ होताच. पण ला तूरच्याच बाबतीत कागदाची मर्यादाही दिसते. उतारवयात तो पूर्ण झालेली चित्रे पुन्हा पुन्हा छेडत राहिला आणि त्यांतली काही बिघडली. तंतू एकदा चेपले गेले की त्यावर नवा रंग बसत नाही, नुसता घसरतो. साध्या कागदावर कितीही काळजी घेतली तरी हा क्षण येतोच.

याच्या अगदी उलट वाट जिनिव्हाच्या जाँ-एतिएन लिओतारची. त्याने चर्मपत्र निवडले. ड्रेस्डेनमध्ये असलेली त्याची चॉकलेट घेऊन निघालेली तरुणी (साधारण 1744) चर्मपत्रावरच आहे. चर्मपत्रावर तंतूंची लव नसते. प्यूमिसच्या सच्छिद्र दगडाने घासून त्याला बारीक खर आणता येतो, पण थर फार चढत नाहीत. जे करायचे ते पहिल्या एक-दोन हातांत, नेमके. त्या चित्रातला पाण्याचा पेला पाहिला की कळते: काचेवरचा उजेड, पाण्याची पातळी, सगळे मीनाकामासारखे गुळगुळीत, कुठे कांडीचा ओरखडा दिसत नाही. ला तूर आणि लिओतार यांच्या कांड्या आपसांत बदलल्या असत्या तरी फार बिघडले नसते. कागद बदलले असते तर दोघेही अडले असते.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर दरबारी व्यक्तिचित्रे मागे पडली आणि पेस्टलही. दरम्यान कागद मात्र झपाट्याने बदलत होता. इंग्लंडमध्ये जेम्स व्हॉटमनच्या गिरणीने 1757 च्या सुमारास विणलेल्या तारेच्या जाळीवर कागद काढला, तेव्हा जुन्या साच्याच्या उभ्या-आडव्या रेघा गेल्या. काहींना त्या रेघा हव्याशाच वाटत. आजही आंग्र या फ्रेंच चित्रकाराच्या नावाने विकला जाणारा रेघांचा कागद त्याच परंपरेतला आहे. फ्रान्समध्ये आनोने गावी माँगोल्फिए कुटुंबाची गिरणी होती. ज्यांनी 1783 साली गरम हवेचा फुगा उडवला तेच हे कुटुंब, आणि त्या फुग्यालाही आतून कागदाचे अस्तर होते. पुढे गिरणी जावयाकडे, म्हणजे कॅन्सन घराण्याकडे गेली. मधाच्या पोळ्यासारख्या ठशाचा मि-तँत हा रंगीत कागद याच घराण्याचा. तो ठसा चित्रातून डोकावतो म्हणून बरेच जण त्याची मागची, बारीक पोताची बाजू वापरतात. मलाही तीच पसंत आहे.

एकोणिसाव्या शतकाने पेस्टलला एक दुखणेही दिले. 1840च्या दशकात लाकूड दळून लगदा करण्याची पद्धत निघाली आणि कागद स्वस्त झाला. पण असा कागद आम्लधर्मी असतो, पिवळा पडतो, ठिसूळ होतो. 1856 नंतर कृत्रिम रंग आले आणि हव्या त्या छटेचे कागद मिळू लागले. त्यांतले अनेक रंग उजेडात टिकले नाहीत. पेस्टलमध्ये कागद जागोजागी उघडा ठेवलेला असतो, तोच मधली छटा म्हणून काम करतो. तो उडाला की शेजारचे रंग शाबूत असूनही चित्राचा तोल जातो. व्हिसलर या अमेरिकन चित्रकाराने 1879–80 मध्ये व्हेनिसला केलेली पेस्टले पाहा. तपकिरी कागद, चार रेषा, दारावर किंवा पाण्यावर रंगाचे मोजके ठिपके, बाकी सगळे कागदावर सोडलेले. अशा चित्रात कागदाचा रंग म्हणजे अर्धे चित्रच.

एडगर दगा या फ्रेंच चित्रकाराने मात्र कागदाशी जे केले ते आधी कोणी केले नव्हते. आयुष्याच्या उत्तरार्धात तो ट्रेसिंग पेपरवर पेस्टल करू लागला, म्हणजे पेस्टलला सगळ्यात नालायक म्हणावा अशा गुळगुळीत कागदावर. कारण सोपे होते: एक आकृती दुसऱ्या कागदावर गिरवायची, आकृतीचा हात थोडा वर न्यायचा, पुन्हा गिरवायची, कधी उलटी करायची. भुकटी धरेना, म्हणून प्रत्येक थरावर तो फिक्सेटिव्ह, म्हणजे भुकटी चिकटवणारे द्रावण, मारी. त्याचे मिश्रण त्याला लुइजी कियालिवा या इटालियन चित्रकाराने दिले होते. फिक्सेटिव्ह वाळले की खालचा थर खरखरीत होई आणि वरच्या थराला धरायला जागा मिळे. कागदात जो खर नव्हता तो त्याने रंगातूनच उभा केला. मग तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि जागा अपुरी पडली तर कडेला आणखी पट्टी जोडायची. त्याच्या नर्तिकांच्या आणि न्हाणाऱ्या स्त्रियांच्या चित्रांत खालचा नारिंगी वरच्या निळ्या-हिरव्या रेघांतून चमकतो, तो या उद्योगामुळे.

थर चढवण्याची ही भूक पुढे खरखरीत कागदाने भागवली. प्यूमिसची पूड लावलेले कागद आणि कॅनव्हास एकोणिसाव्या शतकातच विकले जात. विसाव्या शतकात काहींनी सरळ सुतारकामाचा पॉलिशपेपर वापरला. त्यावर रंग भरपूर बसतो, पण तो टिकण्यासाठी बनवलेला नसतो. त्यातून आम्लमुक्त आधारावर वाळूसारखे कण बसवलेले खास कागद आले. यूआर्टचा कागद 240 पासून 800 पर्यंतच्या क्रमांकांत मिळतो, आकडा लहान तितका खर मोठा. सेनेलिएच्या ला कार्तवर वनस्पतिजन्य कणांचा थर असतो. त्याला पाण्याचा थेंब लागला की थर तिथून सुटतो. क्लेरफाँतेनचा पेस्टलमॅट चौरस मीटरला 360 ग्रॅम वजनाचा, वर वनस्पतिजन्य तंतूंचा लेप. बोटांना जवळजवळ गुळगुळीत लागतो, तरी रंग सोडत नाही. अ‍ॅक्रिलिकमध्ये प्यूमिस पूड किंवा संगमरवराची भुकटी मिसळून स्वतः लेप देणारेही आहेत, आणि त्यात ब्रशचे फटकारे पोतात उतरतात.

एकच मऊ कांडी या कागदांवर फिरवली तर फरक हातालाच कळतो. 240 च्या कागदावर ती कानशीवर घासल्यासारखी झिजते आणि भुकटी खाली सांडते. बोटाने मिसळायला गेले तर कातडी सोलवटते. पेस्टलमॅटवर रेघ धारदार उमटते पण पसरवताना अडते. मि-तँतच्या मागच्या बाजूवर पहिले तीन-चार थर सुरेख बसतात आणि मग कांडी घसरू लागते. रोझाल्बाच्या जातीचे काम करायचे असेल तर तेवढे थर पुरतात. खालचा रंग वरून झिरपायला हवा असेल तर वाळूचा कागदच घ्यावा. खरेदीआधी आणखी एक परीक्षा करावी: रंगीत कागदाची पट्टी अर्धी जाड पुठ्ठ्याने झाकून उन्हाच्या खिडकीत काही महिने ठेवावी. झाकलेल्या आणि उघड्या भागांत फरक दिसला, तर तो कागद कितीही छान रंग धरत असला तरी उघडा सोडू नये. त्यावर पूर्ण रंग भरावा किंवा तो सरावापुरता ठेवावा.