एस२०००चं ९,००० फेऱ्यांचं इंजिन नाजूक नव्हतं

होंडाच्या एस२००० या स्पोर्ट्स कारबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: जुनी इंजिनं फुटायची, म्हणून कंपनीनं २००४मध्ये इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांची मर्यादा ९,०००वरून ८,०००च्या आसपास आणली. हे साफ चूक आहे. अमेरिकेत इंजिन २ लिटरचं २.२ लिटर झालं, ते कमी फेऱ्यांवरही गाडीनं चांगलं ओढावं म्हणून. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तोच, ८७ मिमी. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका बाजूची धाव, ८४वरून ९०.७ मिमी. स्ट्रोक वाढला की तेवढ्याच फेऱ्यांत पिस्टनला जास्त पळावं लागतं. हिशेब करून बघा: जुन्यात ९,०००ला सेकंदाला सरासरी २५.२ मीटर, नव्यात ८,०००ला २४.२. फार फरक नाही! म्हणजे मर्यादा खाली आली ती लांब स्ट्रोकमुळे. युरोपात तर जुनं इंजिनच २००९पर्यंत, म्हणजे गाडी बंद होईपर्यंत मिळत होतं. टर्बोशिवाय लिटरमागे १२० अश्वशक्ती देणाऱ्या या इंजिनावर लोक आजही जीव टाकतात. वापरलेली घेताना तेलाची पातळी मात्र आधी बघा.