प्राथमिक हायपरपॅराथायरॉइडिझम

परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथींपैकी एक किंवा अधिक ग्रंथी गरज नसताना हॉर्मोन स्रवत राहिल्याने रक्तातील कॅल्शियम वाढण्याचा विकार. गळ्यात अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथीच्या मागे, तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार परावटू ग्रंथी असतात. थायरॉइडशी त्यांचे नाते शेजाराचे, कामाचे नाही. रक्तातले कॅल्शियम घसरले की त्या पॅराथायरॉइड हॉर्मोन (पीटीएच) सोडतात; ते हाडांतून कॅल्शियम काढते आणि मूत्रपिंडांना ते धरून ठेवायला लावते. कॅल्शियम पुरेसे झाले की निरोगी ग्रंथी थांबते. या विकारात ती थांबत नाही. सुमारे ८० ते ८५ टक्के रुग्णांत कारण एकाच ग्रंथीतली साधी गाठ (अ‍ॅडेनोमा) असते. कर्करोग अगदी क्वचित. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो.

मूतखडे, ठिसूळ हाडे, बद्धकोष्ठता, वारंवार लघवी, थकवा, उदासी ही पुस्तकातली लक्षणे. प्रत्यक्षात अनेकांना काहीच जाणवत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत कॅल्शियम वाढलेले दिसते.

निदान रक्तावरून होते, आणि दोन आकडे शेजारी ठेवूनच. समजा, अहवालात कॅल्शियम मर्यादेबाहेर, दर डेसिलिटरला ११.२ मिग्रॅ आहे, पीटीएच ५२ आणि त्याची छापील मर्यादा १५ ते ६५. पीटीएचपुढे धोक्याची खूण नसते, म्हणून ते ठीक मानले जाते. चूक इथेच होते. कॅल्शियम इतके चढलेले असताना पीटीएच तळाला जायला हवे होते. ते ५२ वर टिकून आहे, हाच दोष. ही जोडी पुन्हा तपासून पक्की करतात, अल्ब्युमिन (कॅल्शियम वाहून नेणारे रक्तातले प्रथिन) आणि ‘ड’ जीवनसत्त्वही पाहतात. लिथियम (मनोविकारांवरचे औषध) किंवा थायझाइड गटातली (लघवी वाढवणारी, रक्तदाबावरची) औषधे चालू आहेत का, हे विचारावेच लागते; त्यांनीही कॅल्शियम वाढू शकते. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनीही काही पद्धतींत पीटीएचचा आकडा फसतो. चोवीस तासांच्या लघवीत कॅल्शियम फारच कमी निघाले, तर एका आनुवंशिक अवस्थेची शंका घ्यावी; तिच्यात शस्त्रक्रियेचा उपयोग नसतो.

सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन (किरणोत्सारी द्रव्य टोचून काढलेले चित्र) गाठ कुठे आहे हे शोधण्यासाठी असतात, आजार आहे की नाही हे ठरवण्यासाठी नव्हे. स्कॅन कोरा आला म्हणून निदान मागे घेणे, ही दुर्दैवाने नेहमीची चूक आहे.

कायमचा इलाज शस्त्रक्रिया. व्हिएन्नात शल्यचिकित्सक फेलिक्स मांड्ल यांनी १९२५ मध्ये अशी गाठ काढली. अमेरिकेतले जहाजाचे कप्तान चार्ल्स मार्टेल यांची गाठ मात्र १९३२ मध्ये, सातव्या शस्त्रक्रियेत आणि तीही छातीत सापडली. गर्भावस्थेत खालच्या परावटू ग्रंथी थायमस या छातीतल्या ग्रंथीबरोबर खाली उतरतात, त्यामुळे असा पत्ता चुकतो. आता शस्त्रक्रिया चालू असतानाच पीटीएच मोजता येते: हे हॉर्मोन काही मिनिटांत रक्तातून ओसरते, म्हणून गाठ काढल्यावर दहा मिनिटांत आकडा निम्म्याहून खाली आला की काम बहुधा फत्ते झाले असे समजतात. अनुभवी हातांत यश ९५ टक्क्यांच्या आसपास असते. आवाजाच्या नसेला इजा हा क्वचित घडणारा धोका. नंतर काही दिवस ओठ, बोटे झिणझिणली तर कॅल्शियम उतरल्याचे समजावे. उपाशी हाडे ते ओढून घेतात. सहा महिन्यांनीही कॅल्शियम योग्य राहिले, तर रुग्ण बरा झाला असे मानतात.

लक्षणे नसली तरी वय ५० पेक्षा कमी, कॅल्शियम कमाल मर्यादेहून १ मिग्रॅपेक्षा जास्त, हाडांची घनता घटलेली, मूतखडा किंवा मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल, तर शस्त्रक्रिया सुचवतात. इतरांवर नियमित तपासण्यांनी लक्ष ठेवता येते. सिनाकॅल्सेट हे औषध कॅल्शियम उतरवते, पण हाडे बळकट करत नाही. अ‍ॅलेन्ड्रोनेट या हाडांच्या औषधाचे नेमके उलटे. भरपूर पाणी प्यावे. आहारातले कॅल्शियम मात्र तोडू नये: ते कमी पडले की पीटीएच आणखी वाढते आणि भार हाडांवरच येतो.