ग्रामीण समलिंगी नियतकालिके, अमेरिकेतील

शहरापासून दूर, शेतावर किंवा लहान गावात राहणाऱ्या समलिंगी स्त्री-पुरुषांनी स्वतःच लिहिलेली, स्वतःच जुळवलेली आणि टपालाने एकमेकांपर्यंत पोहोचवलेली नियतकालिके. १९७० च्या दशकात अमेरिकेत ती एकामागून एक निघाली. त्यांतले सर्वांत दीर्घायुषी ‘आर.एफ.डी.’ हे त्रैमासिक (१९७४) आजही छापले जाते. त्यांत लेख होते, कविता होत्या, चित्रे होती. पण वर्गणीदार अंकाची वाट पाहत तो बहुधा आपल्यासारख्या कुणाचा तरी पत्ता मिळावा म्हणून. हे ध्यानात घेतले नाही, तर या अंकांची ओबडधोबड छपाई आणि मागची पानेच्या पाने भरलेली पत्रे यांचा अर्थ लागत नाही.

‘आर.एफ.डी.’ ही अक्षरे टपालखात्यातली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत अमेरिकी शेतकऱ्याला आपली पत्रे आणायला गावच्या पोस्टात जावे लागे. १८९६ साली वेस्ट व्हर्जिनियात शेतावर घरपोच टपाल देण्याचा प्रयोग झाला आणि १९०२ मध्ये ती योजना कायम झाली. तिचे नाव ‘रुरल फ्री डिलिव्हरी’. मात्र हेच टपालखाते समलिंगी मजकुराचा जुना वैरी होते. १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने ‘अश्लील’ छापील मजकूर टपालातून पाठवणे गुन्हा ठरवला होता, आणि अश्लील काय हे बरेचसे पोस्टातले अधिकारीच ठरवत. लॉस एंजेलिसहून १९५३ पासून निघणाऱ्या ‘वन’ या समलिंगी मासिकाचा ऑक्टोबर १९५४ चा अंक तिथल्या पोस्टमास्तरने अडवून ठेवला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १३ जानेवारी १९५८ रोजी न्यायालयाने तोंडी युक्तिवादही न ऐकता मासिकाच्या बाजूने अवघ्या काही शब्दांचा आदेश दिला. तो आदेश नसता तर पुढची ग्रामीण नियतकालिके निघणे कठीणच होते, कारण दुकानात विकायची म्हटली तर त्यांच्या वाचकांच्या आसपास दुकानच नव्हते.

न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल या समलिंगी बारवर पोलिसांनी घातलेल्या छाप्याविरुद्ध १९६९ मध्ये उठाव झाला. त्यानंतर समलिंगी चळवळीची वर्तमानपत्रे वाढली, पण ती शहराची होती. बार, मोर्चे, कपडे, सुटीच्या सहली असा ‘द ॲडव्होकेट’सारख्या पत्रांचा संसार. दुसरीकडे शेतीकडे परतू पाहणाऱ्या तरुणांचे ‘मदर अर्थ न्यूज’ हे नियतकालिक १९७० पासून जोरात होते. त्यात कोंबड्या, विहिरी, लाकडी घरे सारे काही होते, समलिंगी माणूस तेवढा नव्हता. त्या नियतकालिकाने समलिंगी पुरुषांची जाहिरात छापायला नकार दिला आणि त्या रागातून आयोवातल्या स्ट्यूअर्ट स्कोफील्ड व त्याच्या मित्रांनी स्वतःचे पत्र काढायचे ठरवले, अशी ‘आर.एफ.डी.’ची जन्मकथा सांगितली जाते. नमुना म्हणून डोळ्यांपुढे होते कॅलिफोर्नियातल्या शेतकरी स्त्रीवाद्यांचे ‘कंट्री विमेन’. पहिला अंक १९७४ च्या शरद संपाताला, म्हणजे सप्टेंबरात दिवस-रात्र समान होतात तेव्हा, निघाला. तेव्हापासून वर्षाचे चार अंक संपात आणि अयनदिन (सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस) धरून निघू लागले; शेतीच्या माणसाला जानेवारी-एप्रिलपेक्षा हे कालमान जवळचे.

अंक वाचकच लिहीत. संपादक असा एकजण नसे. जे जमतील त्यांचे मंडळ असे आणि पाने हाताने कापून, चिकटवून जुळवली जात. एका अंकात शेळ्या पाळण्याची माहिती, सोनखताची कृती, औषधी वनस्पती, पावाची पाककृती, ग्रहमान, नग्न पुरुषांची रेखाटने आणि एखादी रडवेली कविता असे सगळे शेजारी-शेजारी येई. आद्याक्षरांचा पूर्ण अर्थ दर अंकाला बदलायचा, ही त्यांची लाडकी गंमत. टपालखात्याचे नाव बाजूला सारून एकदा ‘रस्टिक फेअरी ड्रीम्स’, म्हणजे रानवट पऱ्यांची स्वप्ने, असे ते झाले. ‘फेअरी’ ही अमेरिकेत बायकी पुरुषाला हाणलेली शिवी. ती उचलून मुखपृष्ठावर मिरवणे हा थट्टेचा आणि बंडाचा एकच प्रकार होता.

अंकाचे काम लवकरच आयोवाहून ऑरेगनमधल्या वुल्फ क्रीक या वस्तीत गेले. तिथे कार्ल विटमन राहत होता. १९७० च्या त्याच्या समलिंगी जाहीरनाम्याची सुरुवातच सॅन फ्रान्सिस्को ही समलिंगी लोकांची निर्वासित छावणी आहे अशा अर्थाच्या वाक्याने होते. देशभरातून लोक तिथे पळून येतात ते शहर फार छान म्हणून नव्हे, मागचे गाव असह्य म्हणून. हे लिहिणारा माणूस वर्ष-दोन वर्षांत स्वतःच शहर सोडून ऑरेगनच्या डोंगरात शेती करायला गेला आणि ‘आर.एफ.डी.’च्या कामात ओढला गेला. गावातून शहराकडे पळणे हाच समलिंगी माणसाच्या सुटकेचा एकमेव रस्ता मानला जाई. छावणीतून परत फिरण्याचे त्याचे पाऊल या नियतकालिकांची भूमिका जितकी उघड करते तितका त्यांतला कुठलाही अग्रलेख करत नाही.

मागच्या पानांवर संपर्कपत्रे असत. आपण कुठे राहतो, काय पिकवतो, किती मैलांवर दुसरे घर आहे, कुणाची सोबत हवी आहे हे लिहून खाली पत्ता. पोस्टमन ओळखीचा असलेल्या गावात हे छापून येणे सोपे नव्हते, तरीही माणसे नाव देत. ‘ब्रदर्स बिहाइंड बार्स’ या सदरात तुरुंगातले समलिंगी कैदी पत्रमित्र शोधत. कैदी हा ग्रामीण वाचक नव्हे, असा प्रश्न पडू शकतो. पण एकटेपणा आणि टपालावरची भिस्त या दोन्ही बाबतींत तो त्याचा सख्खा भाऊच होता.

सप्टेंबर १९७९ च्या सुमारास, अमेरिकी कामगार दिनाच्या सुटीत, ॲरिझोनात बेन्सनजवळ दोनशेहून अधिक पुरुष जमले. बोलावणारे होते समलिंगी चळवळीतले कार्यकर्ते हॅरी हे (Hay), डॉन किलहेफ्नर आणि मिच वॉकर, निमंत्रण ‘आर.एफ.डी.’तही छापले होते. आणि वाळवंटातल्या त्या जागेचे नाव होते श्रीराम आश्रम. या मेळाव्यातून ‘रॅडिकल फेअरीज’ ही निसर्गपूजा, विधी आणि समलिंगी अध्यात्म यांची सरमिसळ असलेली चळवळ उभी राहिली आणि त्रैमासिक हळूहळू तिचे मुखपत्र झाले. अंकात शेळ्या कमी आणि देवता जास्त दिसू लागल्या. याचा मजकुराला लाभ झाला की तोटा, हे वाचकाला जर्सी गाय पाळायची आहे की पौर्णिमेला शेकोटीभोवती नाचायचे आहे यावर अवलंबून.

स्त्रियांची नियतकालिके या कथेत मागून आलेली नाहीत. वुल्फ क्रीकलाच रूथ आणि जीन माउंटनग्रोव्ह यांनी १९७४ मध्येच ‘वुमनस्पिरिट’ काढले आणि १९८४ पर्यंत त्याचे ४० अंक चालवले. दक्षिण ऑरेगनमध्ये स्त्रियांनी घेतलेल्या जमिनींचे जाळेच तयार झाले होते आणि ते त्रैमासिक त्या जमिनींचे कागदावरचे रूप होते. १९८३ मध्ये ‘मेझ’, म्हणजे मका, हे लेस्बियन शेतीजीवनाचे नियतकालिक सुरू झाले. जमीन कुणाच्या नावावर असावी, न्यासाच्या की एकटीच्या, यावरची त्यातली चर्चा पुरुषांच्या अंकांपेक्षा कितीतरी रोकठोक आहे.

‘आर.एफ.डी.’ला कायमचे कार्यालय कधी नव्हते. जिथे करणारे हात, तिथे अंक. ऑरेगनहून ते नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातल्या रनिंग वॉटर या शेतावर गेले, पुढे टेनेसीतल्या लिबर्टी गावाजवळच्या शॉर्ट माउंटन या सामूहिक वस्तीवर बरीच वर्षे राहिले, आणि २००९ मध्ये मॅसॅच्युसेट्सकडे सरकले. १९८० च्या दशकात एड्सने या पानांचा सूर बदलला. या आजाराने ग्रासलेला विटमन १९८६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात वारला. संपर्कपत्रांसोबत मृत्युलेख येऊ लागले. शहरातून आजारी माणसे मरायला नव्हे तर जगायला शेतावर येऊ लागली. सँडॉर कॅट्झ हा एचआयव्हीबाधित न्यूयॉर्ककर १९९३ मध्ये शॉर्ट माउंटनला आला, बागेत एकाच वेळी तयार झालेल्या कोबीचे काय करावे म्हणून तो आंबवायला शिकला आणि पुढे आंबवलेल्या अन्नावरचा जगप्रसिद्ध लेखक झाला.

या नियतकालिकांवरचा आक्षेपही गंभीर आहे. लिहिणाऱ्यांत शहरात शिकून शेताकडे आलेले गोरे तरुण बहुसंख्य होते. त्याच मातीत जन्मलेला, वडिलांबरोबर गोठा झाडणारा समलिंगी मुलगा वर्गणीदार असे, लेखक क्वचितच. ज्याला एक जण निसर्ग म्हणे, तो दुसऱ्याच्या दृष्टीने चर्चवाले शेजारी आणि कर्ज. विधींसाठी अमेरिकी आदिवासींच्या प्रथा उचलल्या गेल्या, पण जमिनी त्यांच्याकडूनच हिसकावलेल्या, हा भाग अंकांत फारसा येत नसे. अभ्यासक स्कॉट हेरिंग यांनी ‘आर.एफ.डी.’ आणि ‘कंट्री विमेन’ एकत्र वाचून त्यांतली शहरविरोधी भूमिका नेमकेपणे मांडली. मागच्या संपर्कपत्रांत गावचा मुलगा आणि शहरातून आलेला लेखक एकाच रांगेत उभे असतात. तेवढ्या पानांपुरता हा आक्षेप सैल पडतो.

भारतात असे खास ग्रामीण पत्र उभे राहिले नाही. मुंबईत १९९० साली अशोक राव कवी यांनी सुरू केलेले ‘बॉम्बे दोस्त’ शहराचे होते, तरी त्याच्या टपालात लहान गावांहून आलेली पत्रे असत. २००२ मध्ये ते थांबले आणि २००९ मध्ये पुन्हा सुरू झाले.