हरणारा क्लब लहानपणापासून का सुटत नाही, त्यामागची पार्श्वभूमी

लहानपणी जो फुटबॉल क्लब चिकटतो तो चिकटतोच. आणि तो सतत हरणारा, कर्जात बुडालेला, खालच्या डिव्हिजनमध्ये कसाबसा तग धरून असलेला क्लब असेल तर बाहेरच्या माणसाला काही केल्या कळत नाही की ही माणसं दर आठवड्याला जातात कशाला, टीव्हीवर एवढे मोठमोठे क्लब दिसतात त्यातला एक धरावा की. मला हे इतक्या वेळा विचारलं गेलंय की शेवटी मीच शोधायला लागलो, ही सवय माणसाला लागली कधी आणि कशी. बघता बघता लक्षात आलं की सुरुवातीचा सगळा धागा इंग्लंडमधल्या एका शनिवार दुपारपाशी जातो.

1850 च्या फॅक्टरी ॲक्टने तिथल्या कापड गिरण्यांमध्ये बायका आणि कोवळ्या पोरांचं शनिवारचं काम दुपारी 2 ला बंद करायला लावलं. बायका-पोरं गेल्यावर गिरणी चालणार कशी, त्यामुळे पुरुषही सुटायला लागले, आणि हळूहळू बाकीच्या धंद्यांमध्येही शनिवारची अर्धी सुट्टी आली. कामगाराच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा एक मोकळी दुपार आली म्हणा ना. ती भरायची कशाने हा प्रश्न चर्चलाही पडला होता आणि कारखान्यालाही, आणि क्लब निघाले ते तिथूनच. ॲस्टन व्हिला 1874 मध्ये एका वेस्लियन चॅपलच्या पोरांनी काढला, बोल्टन आणि एव्हर्टनही चर्चमधूनच आले. न्यूटन हीथ म्हणजे आजचा मँचेस्टर युनायटेड, तो रेल्वेच्या वर्कशॉपमधला, आर्सेनल तोफा बनवणाऱ्या कारखान्यातला, वेस्ट हॅम जहाज बांधणीच्या यार्डातला.

मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की त्या वेळी क्लब 'निवडणं' हा प्रकारच नव्हता. ज्याच्या शेजारी मशीनवर उभं राहायचं तोच शनिवारी मैदानात, मग बघायला जाणारा माणूस कोणाच्या बाजूने असणार? ग्राउंड चालत जाण्याच्या अंतरावर, टीम ओळखीची, आणि हरली तरी सोमवारी कामावर त्याच माणसांचं तोंड बघायचं. 'आपण जिंकलो, आपण हरलो' ही भाषा तिथून आलीये, नंतर जाहिरातवाल्यांनी ती उचलली तो भाग वेगळा.

ह्या 'आपण' वरून एक अभ्यास आठवला. 1976 मध्ये रॉबर्ट सियालडिनी ह्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये बघितलं की कॉलेजची टीम जिंकली की सोमवारी जास्त पोरं कॉलेजचं नाव असलेले कपडे घालून येतात, आणि मॅचबद्दल विचारलं तर जिंकल्यावर 'आम्ही जिंकलो' आणि हरल्यावर 'ते हरले' असं बोलतात. (त्यांचा फुटबॉल वेगळा, पण माणूस तोच.) हे वाचलं आणि मला पहिल्यांदा नीट कळलं की धडपडणाऱ्या क्लबचा माणूस वेगळा कुठे आहे. तो 0-5 हरून आला तरी 'आपण' च म्हणतो. त्याच्यासाठी टीम म्हणजे अंगावर चढवायचा आणि उतरवायचा शर्ट नाहीये, ते घरातलं माणूस आहे, आणि घरातलं माणूस नापास झालं म्हणून कोणी आडनाव बदलत नाही.

आता क्लब 'धडपडणारा' होतो कसा, त्यालाही इतिहास आहे. 1888 मध्ये 12 क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली, ॲस्टन व्हिलाच्या विल्यम मॅकग्रेगरच्या पुढाकाराने, कारण त्याच्या आधी 1885 ला पैसे घेऊन खेळणं कायदेशीर झालं होतं आणि खेळाडूंना दर आठवड्याला पगार द्यायचा तर दर आठवड्याला खात्रीची मॅच आणि खात्रीचं तिकीट पाहिजे. मग 1892 ला दुसरी डिव्हिजन आली आणि 1898 पासून ठरलं की खालचे आपोआप खाली जाणार आणि वरचे वर येणार. अमेरिकेतल्या बंद लीगमध्ये शेवटून पहिला आला तरी पुढच्या वर्षी जागा पक्की असते, इथे तसं नाही, इथे हरण्याची किंमत मोजावी लागते. पण त्याच नियमामुळे खालच्या माणसालाही वर येण्याची वाट उघडी राहिली, आणि माझ्या मते ही आशाच लोकांना बांधून ठेवते, कप नाही.

रॉचडेलचं बघा ना. 1974 ला चौथ्या डिव्हिजनमध्ये घसरले ते 2010 ला बाहेर पडले, 36 वर्षं! ज्या पोराला बापाने पहिल्यांदा नेलं असेल तो स्वतः बाप होऊन त्याचं पोर कॉलेजला गेलं असेल तेव्हा कुठे प्रमोशन बघायला मिळालं. ह्या 36 वर्षांत दर शनिवारी तिथे माणसं होती.

आणि अगदी तळाशी काय व्हायचं ते आणखी क्रूर होतं. 1986 पर्यंत चौथ्या डिव्हिजनमधल्या शेवटच्या चार क्लबांना बाकीच्या क्लबांपुढे पुन्हा निवडून घ्या म्हणून मतांसाठी उभं राहावं लागायचं. नंतर नियम आला की शेवटचा क्लब थेट लीगच्या बाहेर, आणि 1987 ला पहिल्यांदा लिंकन सिटी गेला. त्याच दिवशी बर्नली जाता जाता वाचला, 1888 च्या त्या पहिल्या 12 मधला क्लब, 1960 चा चॅम्पियन, आणि त्याला ओरिएंटविरुद्ध शेवटची मॅच जिंकणं भाग होतं, 2-1 ने जिंकले. पुढे 2009 ला तोच बर्नली प्रीमियर लीगमध्ये खेळायला आला.

पोरं यात कशी ओढली गेली तेही सांगायला पाहिजे, कारण मूळ तिथे आहे. जुन्या ग्राउंडवर बहुतेक लोक उभ्याने मॅच बघायचे, आणि लहान पोराला काही दिसायचं नाही म्हणून त्याला लोकांच्या डोक्यांवरून हातोहात पुढे पाठवायचे, थेट कठड्यापर्यंत. लिव्हरपूलच्या कोप स्टँडमध्ये तर 'बॉइज पेन' नावाचा पोरांसाठी वेगळा कप्पाच होता. विचार करा, सात-आठ वर्षांचं पोर, हजारो अनोळखी हात त्याला सांभाळून पुढे देतायत, आणि मॅच संपल्यावर बाप बरोबर ठरलेल्या खांबाशी उभा. त्या पोराला त्या दिवशी स्कोअर काय लागला ते आठवणारही नाही कदाचित. माझंही तेच आहे, माझी पहिली मॅच कशी हरलो ते मला नंतर इतरांनी सांगितलं, मला आठवतो तो फक्त हात धरून चाललेला रस्ता आणि लांबून आलेला ओरडा.

गर्दीचा आकडाही बघण्यासारखा आहे. इंग्लंडच्या लीगमध्ये 1948-49 च्या सीझनला 4 कोटी 10 लाखांच्या वर लोक आले, युद्ध संपलेलं आणि करमणुकीला दुसरं फार काही नव्हतं. 1985-86 ला हाच आकडा 1 कोटी 65 लाखांवर आला होता. कारखाने बंद पडत होते, मोडकळीला आलेले स्टँड, मारामाऱ्या, आणि 1985 च्या मे महिन्यात तर ब्रॅडफर्डला लाकडी स्टँडला आग लागून 56 माणसं गेली. त्या वर्षांमध्ये जे जात राहिले त्यांच्याबद्दल मला फार वाटतं, कारण तेव्हा फुटबॉल बघतो म्हणून सांगण्यात काहीच मान नव्हता.

पैशाची गोष्ट इथेच येते. क्लब कंपन्या झाल्या तेव्हाच फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या मुख्य संस्थेने (एफए), नियम घातला होता की डिव्हिडंड ठरावीक टक्क्यांच्या वर देता येणार नाही आणि डायरेक्टरला पगार नाही, म्हणजे क्लब हा कमाईचा धंदा होऊ नये. आणि पाहुण्या टीमला तिकिटाच्या पैशातला वाटा मिळायचा, त्यामुळे छोट्या क्लबला मोठ्याच्या ग्राउंडवर जाऊनही चार पैसे मिळायचे. 1983 ला दोन्हीकडून भगदाड पडलं, घरच्या क्लबने सगळा गल्ला ठेवायचा असं ठरलं आणि त्याच वर्षी टॉटेनहॅम, क्लबच्या वर मालक म्हणून वेगळी होल्डिंग कंपनी काढून, शेअर बाजारात गेला, त्या नियमाला वळसा घालून. मग 1992 ला वरचे क्लब टीव्हीच्या पैशासाठी वेगळे होऊन प्रीमियर लीग झाली. खालच्यांनी वरच्यांची बरोबरी करायला कर्ज काढलं, आणि ते कर्ज कुणाच्या ना कुणाच्या क्लबवर येऊन आदळायला लागलं.

तोपर्यंत एक गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नव्हती. तीन पिढ्या तिकीट काढणाऱ्या माणसाचा क्लबवर कायद्याने काडीचाही हक्क नव्हता. चार्लटनच्या लोकांना 1985 च्या सप्टेंबरमध्ये मॅचच्या दिवशी हातात पत्रक मिळालं की आपण व्हॅली हे ग्राउंड सोडतोय, क्रिस्टल पॅलेसच्या ग्राउंडवर जातोय. झालं, एवढंच. व्हॅलीवर झुडपं वाढली. 1989 ला फॅन लोक स्वतः जाऊन ती झुडपं तोडायला लागले, मग कौन्सिलने परवानगी नाकारली तेव्हा 1990 च्या स्थानिक निवडणुकीत त्यांनी सरळ 'व्हॅली पार्टी' उभी केली आणि 14,838 मतं घेतली, एकूण मतांच्या जवळजवळ 11 टक्के, एका फुटबॉल ग्राउंडसाठी! 5 डिसेंबर 1992 ला क्लब घरी परत आला आणि पोर्ट्समथला 1-0 हरवलं.

ब्रायटनचंही तसंच, 1997 येईपर्यंत बोर्डाने गोल्डस्टोन ग्राउंड विकून टाकलेलं आणि पुढे जायचं कुठे याचा पत्ता नाही. त्या फेब्रुवारीत देशभरातल्या वेगवेगळ्या क्लबांचे फॅन आपापले शर्ट घालून त्यांच्या मॅचला आले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण सगळ्यांना कळलं होतं की उद्या ही पाळी आपली आहे. शेवटच्या मॅचला हेरफर्डमध्ये 1-1 बरोबरी झाली म्हणून ब्रायटन लीगमध्ये राहिला आणि हेरफर्ड बाहेर गेला. म्हणजे एकाचा जीव वाचला तो दुसऱ्याचा जाऊन, आणि हेरफर्डच्या स्टँडमध्येही लहानपणापासून येणारी माणसंच होती.

मग 2002. विम्बल्डनला मिल्टन कीन्सला, शंभर-एक किलोमीटर लांब न्यायला असोसिएशनच्या कमिशनने 28 मे ला परवानगी दिली. फॅन लोकांनी काही आठवड्यांत नवा क्लब काढला, विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या मैदानावर खेळाडूंची ट्रायल घेतली, आणि खूप खालच्या पायरीवरून सुरुवात केली. 9 सीझनमध्ये 5 प्रमोशन घेऊन 2011 ला एएफसी विम्बल्डन फुटबॉल लीगमध्ये पोचला. 2020 ला ते प्लाउ लेनवर, म्हणजे विम्बल्डनच्या जुन्या घरच्या भागात, परत गेले, आणि नव्या स्टेडियमसाठी पैसे कमी पडले तेव्हा बाँड काढून लोकांकडून 50 लाख पाउंडांहून जास्त उभे केले. क्लब आजही फॅन लोकांच्या ट्रस्टच्या ताब्यात आहे. अशा ट्रस्टची सुरुवात नॉर्थम्पटनला 1992 मध्ये झाली होती, आणि पोर्ट्समथने तीच वाट धरली. 2008 ला एफए कप जिंकलेला क्लब पाच वर्षांत चौथ्या पायरीवर आला, तेव्हा 2013 ला लोकांनी प्रत्येकी 1000 पाउंडांचे शेअर घेऊन तो विकत घेतला. चार वर्षांनी त्याच लोकांनी मत देऊन एका श्रीमंत मालकाला विकलाही, याबद्दल कुणी नाक मुरडतं, पण मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही, निदान या वेळी त्यांना विचारलं गेलं.

बरी नावाचा क्लब मात्र वाचला नाही. 1885 चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला, 27 ऑगस्ट 2019 ला लीगमधून काढून टाकला. त्यानंतर बराच काळ ओरड झाली आणि शेवटी 2025 ला इंग्लंडमध्ये कायदा झाला, त्यात फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आला.

जर्मनीत यापेक्षा वेगळं आहे, 1998 च्या नियमानुसार, काही अपवाद सोडले तर, क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून एक मत जास्त असायलाच लागतं. पण नियम असला म्हणजे पैसा येतो असं नाही. पूर्व बर्लिनचा उनियोन क्लब 2004 ला तिसऱ्या पायरीवर घसरण्याच्या वेळी लीगमध्ये खेळायच्या लायसन्सचे पैसे भरू शकत नव्हता, तेव्हा लोकांनी रक्तदान करून मिळालेले पैसे क्लबला दिले. 2008-09 ला स्टेडियम पडायला आलं तर दोन हजारांवर लोकांनी फुकट काम करून ते बांधलं, हातात फावडं घेऊन, कामावरून सुट्ट्या टाकून, मिळून सुमारे 1 लाख 40 हजार तास.

2019 ला उनियोन पहिल्यांदा बुंडेसलिगामध्ये, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, आला. ऑगस्टमध्ये त्याच स्टेडियमवर पहिली मॅच लाइपझिगशी, आणि मॅचआधी लोकांनी मोठे फोटो वर धरले, साडेचारशेहून जास्त. हा दिवस बघायच्या आधीच गेलेल्या फॅनचे फोटो. कुणाचे वडील, कुणाचा आजोबा, कुणाचा शेजारी उभा राहणारा दोस्त. मग लाइपझिग हा एका एनर्जी ड्रिंक कंपनीने काढलेला क्लब, तो ज्या पद्धतीने चालतो तिचा निषेध म्हणून पहिली 15 मिनिटं सगळं स्टेडियम गप्प राहिलं, आणि त्यानंतर जो आवाज सुरू झाला तो सुरूच राहिला. मॅच 4-0 ने हरले.